बर्लिनमधला घाशीराम, हिमायतनगरचा प्रेक्षक

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. ते बसवणाऱ्या संस्थेतच वाद पेटला, १९ प्रयोगांनंतर नाटक थांबले आणि थिएटर अ‍ॅकॅडमीने ते पुन्हा उभे केले. हा इतिहास मराठी वाचकाला चांगला माहीत आहे. याच नाटकावरून १९७६ साली एक चित्रपट झाला, ही गोष्ट मात्र त्या मानाने फार थोड्यांच्या कानावर असते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ नावाची सहकारी संस्था काढून तो केला. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांची नावे त्याच्या दिग्दर्शनाशी जोडलेली आहेत. मोहन आगाशे नाना फडणवीस झाले आणि घाशीरामच्या भूमिकेत ओम पुरी पहिल्यांदा मोठ्या पडद्यावर आले. मराठी चित्रपटाच्या इतिहासात इतका धाडसी सामूहिक प्रयोग क्वचितच झाला असेल. तरीही पुढची कित्येक दशके हा चित्रपट भारतात जवळजवळ दिसेनासा झाला. त्याची एक प्रत राहिली ती बर्लिनमध्ये, तिथल्या महोत्सवाचा ‘फोरम’ विभाग चालवणाऱ्या अर्सेनाल या संस्थेच्या संग्रहात. त्या प्रतीवरून त्याला डिजिटल रूप मिळाले, २०१४च्या फोरममध्ये तो नव्याने दाखवला गेला आणि त्याच संस्थेने पुढे तो डीव्हीडीवरही आणला. पेशवाईतल्या पुण्याची गोष्ट सांगणारा मराठी चित्रपट घरी बसून पाहण्याजोग्या रूपात जर्मनीतून परत आला. जर्मन संस्थेच्या या कामाबद्दल कृतज्ञता वाटावी तेवढी थोडी. पण त्यातून उरणारा प्रश्न आपल्यासाठी आहे. जुन्या चित्रपटाचा जीर्णोद्धार नेमका कुठे पुरा होतो? तो घरात बघता येईल अशा चांगल्या प्रतीपर्यंत पोहोचत नाही तोवर काम अर्धेच झालेले असते, असे या प्रकरणाचे म्हणणे आहे, आणि हे म्हणणे हिमायतनगरसारख्या गावात उभे राहून पाहिले तरच नीट पटते.

हिमायतनगर, म्हणजे जुने वाढोणा, नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य भागात तेलंगणाच्या सीमेजवळ आहे. मुदखेडहून आदिलाबादला जाणारी रेल्वे इथून जाते. चित्रपट धंद्याच्या नकाशात मात्र गावाचा पत्ता वेगळाच आहे. वितरकांनी देशाचे जे भाग पाडले त्यांत मराठवाडा ‘निझाम’ सर्किटात गेला. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान संपले आणि १९६०ला मराठवाडा महाराष्ट्र राज्यात आला, तरी धंद्याच्या कागदावर नांदेड हैदराबादच्याच बाजूला राहिले. मराठी चित्रपटाच्या मोजक्या प्रती निघत. त्या आधी मुंबई-पुणे-कोल्हापूरकडे चालत आणि तिथे झिजून मग इकडे येत. गावोगावचा प्रेक्षक चित्रपट पाहत असे तो जत्रेतल्या तंबूत. रीळ मध्येच तुटे, जोडताना चार-दोन चौकटी कापल्या जात, आणि पुढच्या गावाला ती प्रत आणखी तोकडी होऊन पोहोचे. महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. ज्यांना ही दुनिया कशी होती ते पाहायचे आहे त्यांनी तो जरूर पाहावा. पुढे तंबूची जागा भाड्याने आणलेल्या व्हीसीआरने घेतली, मग केबलवाल्याच्या रात्रीच्या सिनेमाने, मग सीडी-प्लेअरने आणि आता मोबाइलने. म्हणजे गेली चाळीसेक वर्षे इथल्या बहुतेक प्रेक्षकांच्या दृष्टीने जुना चित्रपट म्हणजे घरातली प्रत. तिच्यापलीकडे दुसरी ‘खरी’ प्रत त्यांच्या अनुभवात नाहीच.

याचा सर्वात मोठा पुरावा म्हणजे ‘अशी ही बनवाबनवी’. सचिन पिळगावकर यांनी दिग्दर्शित केलेला आणि वसंत सबनीसांनी लिहिलेला हा चित्रपट १९८८ साली आला. त्याची गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’वर बेतलेली होती, आणि तो मूळ हिंदी चित्रपट आज अभ्यासकांखेरीज फारसा कोणाला आठवत नाही. ‘बनवाबनवी’ मात्र पिढ्या ओलांडून गेला. तो प्रदर्शित झाला तेव्हा जन्मलेही नव्हते अशा मुलामुलींना त्यातले संवाद हावभावांसकट पाठ असतात. ही लोकप्रियता चित्रपटगृहांनी टिकवली नाही. दूरचित्रवाणीने, केबलने आणि दोन तबकड्यांच्या व्हीसीडीने ती टिकवली. ज्याला आपण झपाटलेले प्रेम लाभलेला चित्रपट म्हणतो तो असाच घडतो. एकदा तिकीट काढून पाहिल्याने तसे प्रेम जडत नाही, घरात शंभरदा पाहिल्याने जडते. तेव्हा अशा चित्रपटाची घरातली प्रत ही त्याची दुय्यम नक्कल मानणे मुळातच चुकीचे आहे. त्याचे खरे आयुष्य त्या प्रतीतच गेलेले असते.

आणि नेमकी हीच प्रत आपण सर्वात हलगर्जीपणे तयार केली. व्हीसीडीवरच्या चित्राचा आकार ३५२ गुणिले २८८ बिंदूंचा, डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६. त्याच चित्रपटाची ३५ मिलिमीटरची चौकट आज जीर्णोद्धारासाठी ४-के दर्जाने स्कॅन केली जाते तेव्हा आडव्या ओळीत चार हजारांहून जास्त बिंदू मिळतात. व्हीसीडीवर कलाकारांच्या गर्दीतला एकेक चेहरा म्हणजे पाच-दहा ठिपक्यांचा पुंजका असतो. रुंद पडद्यासाठी चित्रित केलेली चौकट टीव्हीच्या चौकोनात बसवताना तिच्या दोन्ही बाजू छाटल्या जात. दोन माणसे समोरासमोर बोलत असली तर त्यातले एक नुसते नाकाएवढे उरे. याहून कमी लक्षात येणारी हानी वेगाची आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपल्याकडच्या जुन्या ‘पाल’ पद्धतीच्या टीव्हीवर मात्र सेकंदाला २५ चौकटी लागतात. सोपा मार्ग म्हणून चित्रपट थेट २५च्या वेगाने उतरवला की १४४ मिनिटांचा चित्रपट १३८ मिनिटांत उरकतो आणि आवाज वेळीच दुरुस्त केला नाही तर सगळे सूर चढतात. किती चढतात? पेटीवर काळी एकपासून पांढरी दोनपर्यंत जे अंतर आहे त्यातली पाऊण वाटेच्या जवळपास. माणसांच्या बोलण्यात हे कानाला पटकन जाणवत नाही. गाण्यात मात्र गायकाचा पोत बदलतो, ठेका किंचित घाईत येतो. ज्या नाटकाला भास्कर चंदावरकरांचे संगीत होते आणि ज्याचा सारा डोलारा सामूहिक गायन-नर्तनाच्या लयीवर उभा होता, त्याच्या चित्ररूपाला अशा घाईची किंमत काय पडेल, हे संगीत जाणणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

जीर्णोद्धार म्हणजे काय, हे इथे थोडे खोलात जाऊन पाहायला हवे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहेत. दोन तासांच्या चित्रपटात १ लाख ७२ हजार ८०० चौकटी असतात आणि त्यांची फिल्म सरळ उलगडली तर तीन किलोमीटरहून लांब भरते. १९५०च्या दशकाआधीची नायट्रेट फिल्म पेट घेते. पुण्यात ८ जानेवारी २००३ला लागलेल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची अशी अनेक रिळे कायमची गेली. नंतरची अ‍ॅसिटेट फिल्म अशी सहज पेट घेत नाही, पण उष्णता आणि दमट हवेने ती आंबते. डबा उघडला की व्हिनेगरसारखा वास येतो, फिल्म आक्रसते, वाकडी होते, आणि एका डब्यातला हा रोग शेजारच्या डब्यालाही लागतो. मराठवाड्याचा उन्हाळा आणि त्यावरचा पावसाळा यांच्या माऱ्यात साध्या खोलीत ठेवलेली फिल्म फार काळ तग धरू शकत नाही. १९७०च्या दशकातल्या रंगीत प्रतींना आणखी एक रोग आहे. त्यांतला निळसर-हिरवा रंग सर्वात आधी उडतो आणि उरलेले चित्र गुलाबी-तांबडे दिसू लागते. जीर्णोद्धार करणारे लोक मूळ निगेटिव्ह शोधतात, ती नसेल तर तिच्यावरून काढलेली मधली प्रत, तीही नसेल तर चित्रपटगृहात चाललेली प्रत. मग ती हाताने साफ करायची, फाटलेली छिद्रे जोडायची, स्कॅन करायची, आणि ओरखडे व डाग चौकटीमागून चौकट काढायचे. यातले शेवटचे काम संगणक करतो. धोका तिथेच आहे.

मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या मंदिरांत कोरीव दगडावर झगझगीत तैलरंग चढवलेला दिसतो. श्रद्धेने केलेले काम असते, पण त्या रंगाखाली छिन्नीची धार बुजून जाते. नांदेड जिल्ह्यातच देगलूरजवळच्या होट्टलच्या चालुक्यकालीन मंदिरांसमोर उभे राहिले की उघड्या दगडावरचे कोरीव काम काय असते ते दिसते. चित्रपटाचेही असेच आहे. पडद्यावर जे बारीक दाणे सळसळताना दिसतात ते घाण नव्हेत, फिल्मचे चित्र त्या दाण्यांनीच बनलेले आहे. संगणकाला ‘स्वच्छ कर’ म्हणून मोकळे सोडले तर तो दाण्यांबरोबर कातडीवरच्या सुरकुत्या, लुगड्याचा पोत, मातीच्या भिंतीचे पापुद्रे सगळे पुसतो आणि चेहरे मेणाचे होतात. हल्ली यंत्रबुद्धीने ‘४-के केलेले’ जुने चित्रपट असेच दिसतात. त्यांत जे बारकावे दिसतात ते कॅमेऱ्याने टिपलेले नसतात, यंत्राने अंदाजाने भरलेले असतात. लोकांना असेच चकचकीत आवडते, मग द्यावे की तसे, असा आक्षेप यावर येईल. आवडीचा मान राखायलाच हवा, पण ज्याने दुसरे कधी पाहिलेच नाही त्याची ती निवड कशी म्हणायची? छाटलेली, धूसर व्हीसीडी आणि मेणाचे चेहरे या दोहोंपलीकडे चांगली प्रत एकदा समोर ठेवली तर प्रेक्षक ती ओळखतो. संगीताच्या बाबतीत हे आपण पाहिले आहे. जुन्या ध्वनिमुद्रिकांची खरखर थोडी राहू दिलेली पण आवाज शाबूत असलेली प्रत रसिक जपून ठेवतात, आणि खरखर पुसण्याच्या नादात आवाजच बोथट केलेली प्रत बाजूला सारतात.

याहून गंभीर आक्षेप चित्रपटावर मनापासून प्रेम करणाऱ्यांकडूनच येतो. चित्रपट अंधारात, मोठ्या पडद्यावर, अनोळखी माणसांच्या सोबतीने पाहायची कला आहे, घरातल्या प्रतीवर भर दिला की ती कला लहान होते, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे खरे आहे आणि ते खोडण्याचे कारण नाही. ‘घाशीराम’च्या शेवटाकडचा न कापता चालणारा प्रदीर्घ शॉट मोठ्या पडद्यावर जो दबाव निर्माण करतो तो सहा इंची मोबाइलवर निर्माण होणार नाही. पण हा आक्षेप ज्या दोन गोष्टींत निवड करायला सांगतो त्यांतली एक गोष्ट हिमायतनगरच्या प्रेक्षकासमोर कधी नव्हतीच. १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात, म्हणजे इथून सुमारे पाचशे किलोमीटर दूर. पी. के. नायर यांनी १९६५पासून निवृत्तीपर्यंत तिथे जे जमवले त्याला तोड नाही, आणि फिल्म सोसायट्यांच्या चळवळीला प्रती पुरवून त्यांनी ते शहरापलीकडे पोहोचवण्याची धडपडही केली. पण त्या काळी एक प्रत एका वेळी एकाच गावी जाऊ शकत होती. आज ती अडचण उरलेली नाही. शिवाय घरातली चांगली प्रत मोठ्या पडद्याची शत्रू ठरत नाही. चोख २-के किंवा ४-के प्रतीवरून शाळेच्या सभागृहात प्रोजेक्टर लावून शंभर माणसांना चित्रपट दाखवता येतो. व्हीसीडीवरून तसा दाखवायचा प्रयत्न केला तर पडद्यावर फक्त चौकोनी ठोकळे दिसतात.

आता पैशांचा प्रश्न. निगेटिव्ह सडत असताना तबकड्या आणि फाइलींवर खर्च कशाला, आधी वाचवा तरी, असे म्हणणारे व्यवहार बोलतात. केंद्र सरकारने मे २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत सुमारे २,२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. ही रक्कम मोठी आहे. तिच्याशी तुलना केली तर सिद्ध झालेल्या मूळ डिजिटल प्रतीवरून योग्य वेगाची, योग्य चौकटीची घरगुती प्रत काढण्याचा खर्च किरकोळ ठरतो. खरा खर्च स्कॅन आणि दुरुस्तीचा असतो, आणि तो करून झालेला असतो. उलट घरगुती प्रतीमुळे जीर्णोद्धाराला पैसा मिळतो, हे जगाने पाहिले आहे. सत्यजित राय यांच्या ‘अपू’ त्रयीची मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत होरपळली. तिचे जळके अवशेष अमेरिकेतल्या चित्रपट अकादमीने जपून ठेवले, पुढे बोलोन्याच्या प्रयोगशाळेत चौकट चौकट करून ते वाचवले गेले, आणि या कामात घरगुती तबकड्या काढणारी क्रायटेरियन ही कंपनीच भागीदार होती. २०१५मध्ये चित्रपट आधी मोठ्या पडद्यावर आले, मग ब्लू-रेवर. दुसरे उदाहरण अगदी उलट टोकाचे आहे. टेक्सासमधल्या एल पासो शहरातल्या एका खतविक्रेत्याने १९६६ साली ‘मॅनोस’ नावाचा भयपट काढला. जगातल्या सर्वात वाईट चित्रपटांत त्याची गणना होते. टीव्हीवरच्या एका कार्यक्रमाने १९९३मध्ये तो दाखवल्यावर त्याचे चाहते तयार झाले, २०११मध्ये त्याची १६ मिलिमीटरची मूळ संकलनप्रत सापडली आणि चाहत्यांच्या वर्गणीतून जीर्णोद्धार होऊन २०१५मध्ये ब्लू-रे निघाली. वर्गणी देणाऱ्यांना काय हवे होते? घरात ठेवता येईल अशी चांगली प्रत. ‘बनवाबनवी’च्या चाहत्यांची संख्या ‘मॅनोस’च्या चाहत्यांपेक्षा किती पटीने जास्त असेल, याचा नुसता विचार करावा. मराठीत प्रेम आहे, त्या प्रेमाला जीर्णोद्धाराकडे वळवणारी वाट नाही.

फुकट तर सगळेच इंटरनेटवर मिळते, मग ही उठाठेव कशाला, असेही विचारले जाते. मिळते ते बहुधा त्या जुन्या छाटलेल्या प्रतींचेच पुनर्मुद्रण असते. कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह, मध्येच कापलेले गाणे, चढलेले सूर, सगळे तसेच. शिवाय जे आज वर चढवले आहे ते उद्या काढले जाऊ शकते. ज्या चित्रपटाला कोणी वाली नाही त्याचे असे काढले जाणे कोणाच्या ध्यानातही येत नाही. ‘घाशीराम’ वाचला तो एका संस्थेने डबा कित्येक दशके नीट ठेवला म्हणून.

हक्कांची गाठ मात्र खरीच अवघड आहे आणि ती कायद्यानेच सोडवावी लागेल. भारतीय कायद्याप्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे चालतो. म्हणजे ‘बनवाबनवी’ २०४८ अखेरपर्यंत हक्काखाली आहे. त्याच्या चांगल्या घरगुती प्रतीचा निर्णय हक्कदारांनाच घ्यायचा आहे, आणि चोरीच्या भीतीने तो लांबवण्यात अर्थ नाही, कारण वाईट प्रतींची चोरी कधीच होऊन गेली आहे. चोराकडे नसलेली एकच गोष्ट हक्कदाराकडे असते, ती म्हणजे मूळ निगेटिव्ह. ‘श्यामची आई’ची गोष्ट वेगळी आहे. आचार्य अत्र्यांचा हा १९५३चा चित्रपट, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवलेला. सरकारी मोहिमेत त्याचा जीर्णोद्धार झाला आणि नोव्हेंबर २०२३मध्ये गोव्याच्या इफ्फी महोत्सवात ही प्रत दाखवली गेली. चित्रपटावरचा हक्क २०१३ अखेर संपलेला आहे. पटकथा आणि गीते लिहिणाऱ्यांचे हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षे वेगळे मोजावे लागतात आणि अत्रे १९६९ साली गेले, तेव्हा त्यांच्या वारसांची संमती घेणे रास्त आहे. पण ही संमती मागण्याचे काम एका कार्यालयाचे आहे, आणि जनतेच्या पैशाने दुरुस्त झालेली प्रत महोत्सवातल्या काही खेळांपुरती राहावी याला दुसरे कारण उरत नाही.

ती पोहोचवायची वाटही नवी घालायला नको. महाराष्ट्रात १९६७च्या कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांची सार्वजनिक ग्रंथालये तालुक्यातालुक्यांत आहेत. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान त्यांना पुस्तके पुरवते. दरवर्षी सरकारी खर्चाने जीर्णोद्धार झालेल्या मराठी चित्रपटांची एक प्रत प्रत्येक तालुका ग्रंथालयाला पुस्तकासारखीच द्यावी, सेकंदाला २४ चौकटींची, पूर्ण चौकटीची, आवाजाची पट्टी न बदललेली. सोबत दोन पानी माहिती असावी, ही प्रत कोणत्या फिल्मवरून घेतली, काय दुरुस्त केले आणि काय मुद्दाम तसेच ठेवले. पहिल्या वर्षी ‘श्यामची आई’पासून सुरुवात करता येईल. ‘घाशीराम’साठी अर्सेनालशी आणि ‘युक्त’च्या हयात सभासदांशी पत्रव्यवहार करावा लागेल, आणि तो पुण्याने करायला हवा.